नऊ वीसचा दोर

“दोर आला,” सिस्टर ॲग्नेसनी दाराच्या वहीतल्या ओळीवर बोट टेकवून वाचलं. “नऊ वीस. मागचं दार. दोर, चाळीस हात.” बोट खाली सरकलं. “धा चाळीस. रेजिना मिनेझिस. मोठं दार. मोटार, पेटी एक.” आणखी खाली. “एक पंधरा. सगुणा अवचिते. मागचं दार.” त्यांनी चष्मा काढला. “मुडदा बशिवला माजा. मदर, म्या दोर लिवला आन् पोरगी लिवायची इसरले.”

मदर मिल्ड्रेड टेबलापलीकडे ताठ बसल्या होत्या. “नीट सांगा.”

“आवं, दोर काय चालत आला का? हिनंच आणला खांद्यावर घालून.”

दोघींनी माझ्याकडे पाहिलं. मी पाण्याची कळशी घेऊन दारात उभी होते. ती खाली ठेवावी की नाही ते मला कळेना.

“सगुणा,” मदर म्हणाल्या, “तुम्ही नऊ वीसला आलात?”

“मला घड्याळ कळत नव्हतं, मदर.”

“आता कळतं. त्या दिवशी मोटार आली तेव्हा तुम्ही कुठे होतात?”

“मागच्या पायरीवर. बसले होते.”

मदरनी टाक उचलला, वही आपल्याकडे ओढली आणि एक पंधराच्या ओळीवर रेघ मारली. नऊ वीसच्या ओळीत दोराच्या आधी माझं नाव लिहिलं, खाली सही केली आणि शाई टिपून घेतली. एवढं करायला त्यांना मिनिटही लागलं नसेल. पुढचे बारा दिवस मठात जे झालं, ते त्या रेघेमुळे.

हे एप्रिल १९५७ मधलं. आंबेखिंडीच्या वरच्या पठारावर आमचा मठ आहे. संत बेनेडिक्टच्या पंथाचा, बायकांचा. एकदा आत आलेली बाई मरेपर्यंत बाहेर जात नाही. बाहेरच्यांशी बोलायचं ते भेटीच्या खोलीतल्या लाकडी जाळीतून. सिस्टर ॲग्नेस दारावर असत. कोण आलं, कधी आलं, काय आणलं, हे त्या वहीत लिहीत.

ती वही महत्त्वाची होती, कारण आमच्यात थोरली-धाकटी तिच्यावरून ठरते. वय, घर, शिक्षण काही पाहायचं नाही. जी सकाळी आली ती दुपारी आलेलीहून थोरली, आणि हे मरेपर्यंत. प्रार्थनेला त्याच क्रमानं बसायचं. धाकटीनं थोरलीला पाहून उठायचं, वाटेत भेटली तर मान झुकवून “आशीर्वाद द्या” म्हणायचं. सणाच्या दिवशी शांतीचं आलिंगन वरून खाली येतं: थोरली धाकटीला देते, ती तिच्या धाकटीला. मी आणि रेजिना एकाच दिवशी आलो होतो. सहा महिने मी तिच्या खाली बसले होते. पुढच्या महिन्यात आम्हाला मठाची वस्त्रं मिळणार होती, आणि एकदा वस्त्रं मिळाली की जागा कायमची. म्हणून मदरनी वही तपासायला काढली होती. त्या प्रत्येक गोष्ट तपासत.

मदर मिल्ड्रेड एका इंग्रज अर्लची, म्हणजे तिकडच्या मोठ्या सरदाराची, मुलगी. चोविसाव्या वर्षी घर सोडून बेल्जममधल्या इंग्रज मठात गेल्या, १९३१ साली पाच जणींना घेऊन आमच्या डोंगरावर आल्या आणि त्या पाच जणींनी त्यांना मठाधिपती निवडलं. मराठी त्या एका पंतोजींकडून शिकल्या होत्या. व्याकरणात चूक नाही, पण ‘तू’ हा शब्द त्यांनी उचललाच नाही. बिशपना तुम्ही, मला तुम्ही, गोठ्यातल्या खोंडालाही तुम्ही. मला त्याआधी आयुष्यात कुणी तुम्ही म्हटलं नव्हतं. सिस्टर ॲग्नेसही इंग्रजच, त्याच मठातून त्याच बोटीनं आलेल्या, पण त्यांची मराठी दूधवाल्याची आणि भाजीवालीची. दोघी एकमेकींशी मराठीतच बोलत. इथे आल्यावर इथली भाषा, असा मदरचा हुकूम होता.

रोज पहाटे प्रार्थनेला जाताना मदर दारापाशी थांबत, ॲग्नेसपुढे किंचित वाकत, आणि ॲग्नेस काहीतरी पुटपुटत. दूध आलं का, असं विचारत असतील, असं मला वाटायचं.

आमचं घर मांगवाड्यातलं. बाबा, शांतवन अवचिते, दोर वळायचे. मठाच्या घंटेचा दोर आमच्या घरचा. दिवसातून सात वेळा घंटा व्हायची आणि आई दर वेळी म्हणायची, “वढला बघ आपला दोर.” आपण वळलेला दोर सात-सात वेळा कोण ओढतं आणि कशासाठी, हे बघायचं माझ्या मनानं लहानपणीच घेतलं होतं.

रेजिनाच्या वडिलांचा, काजेतान मिनेझिस यांचा, जंगलाचा ठेका होता. मठाच्या देवळाचं छप्पर वाळवीनं खाल्लं होतं. त्यांनी नवं सागवान द्यायचं कबूल केलं होतं. तुळया कापून त्यांच्या वखारीत तयार होत्या. त्या भरवशावर आम्ही जुनं छप्पर उतरवलंही होतं. देवळाला तेव्हा चार भिंती होत्या आणि वर आभाळ. मिनेझिसांचं घराणं चारशे वर्षांपूर्वी ख्रिस्ती झालेलं. त्याआधी आपण कोण होतो हे ते चारशे वर्षांत विसरले नव्हते.

वहीत रेघ पडली त्या संध्याकाळी मदरनी आमच्या जागा बदलल्या. रेजिना एक जागा खाली सरकली. मात्र दुसऱ्या दिवशी पडवीत मी समोरून आले, तेव्हा तिनं आशीर्वाद मागितला नाही. भिंतीला लागून उभी राहिली आणि मला जायला वाट दिली, आमच्या गावात आम्ही इतरांना देत असू तशी. मला हसू आलं. तिनं ते पाहिलं आणि लाल झाली.

रविवारी तिचे वडील भेटायला आले. सोमवारी माझे बाबा मागच्या दाराशी उभे होते.

ॲग्नेसनी मला बोलावलं आणि स्वतः मुद्दाम कोंबड्यांकडे गेल्या. बाबा उंबऱ्याबाहेर उकिडवे बसले.

“सगुणे, शनिवारी बिशपसायबाचा मानूस येनार हाय. तुला इचारतील, त्या दिशी कशाला आलतीस.”

“मग?”

“म्हनायचं, दोर द्याया आलते. खोटं थोडंच हाय?”

“निम्मं खरं हाय.”

“मग निम्मंच सांग.” बाबांनी मान वर केली नाही. “यक जागा पुढं काय, यक मागं काय. बसाया मिळतंय ना? देवाला मागचं दिसत न्हाई का?”

“घायपात बंद करतो म्हनले का?” आम्ही दोराचा वाख ज्या घायपातीचा काढायचो, ती मिनेझिसांच्या बांधावरची होती. कापायची मुभा आजोबांपासून होती.

“त्ये काय बी म्हनले न्हाईत. काल त्यांच्या मुकादमानं बांधावर हुबं ऱ्हाऊन घायपातीची झाडं मोजली.” बाबा उठले, धोतर झटकलं. “आजवर कदी मोजली नव्हती.”

ते गेले. त्यांच्या पाठीला बाक आला होता, तो मला तेव्हा पहिल्यांदा दिसला. ॲग्नेस परत आल्या. त्यांच्या ओच्यात चार अंडी होती.

“काय ठरलं गं तुजं?”

“सिस्टर, मला माझी जुनी जागा चालंल.”

“मला नगो सांगू. जो इचारंल त्याला सांग.” त्यांनी अंडी एकेक करून टोपलीत ठेवली. “आन् मला इचारशील तर, चालंल म्हननारी बाई लई वर्सं चालवत बसती.”

मी विचारलं, म्हणजे काय? पण त्या कानानं ऐकू येत नसल्यासारखं करून निघून गेल्या. त्यांचे कान चांगले होते.

शनिवारी अकराला भेटीच्या खोलीत आम्ही बसलो. जाळीच्या पलीकडे मिनेझिस आणि बिशपांचे चिटणीस फादर तावारिस. अलीकडे मदर, ॲग्नेस, रेजिना आणि मी. फादर तरुण होते, सभ्य होते आणि अवघडलेले होते.

“मदर, बिशपसाहेबांचं म्हणणं आहे की वहीत जे आधी लिहिलं होतं ते तसंच राहावं. उगाच बोलाचाली नको.”

“हा सल्ला आहे की आज्ञा?”

“सल्ला, मदर.”

“लेखी?”

“तोंडी.”

“मग मीही तोंडी नाही म्हणते. लेखी आज्ञा आली तर लेखी नकार देईन. जागा ठरवणं बिशपांच्या हातात नाही. माझ्याही नाही. ते घड्याळ ठरवतं.”

फादरनी टोपी एका गुडघ्यावरून दुसऱ्या गुडघ्यावर ठेवली. मिनेझिस पुढे सरकले. ते आरडाओरडा करणारे गृहस्थ नव्हते. ठेकेदारीत त्यांनी बरेच साहेब पटवले होते.

“मदर, माझा जातीपातीचा प्रश्नच नाही. मी घड्याळाचंच बोलतो. ही मुलगी दोर पोचवायला आली होती. तुमचा दूधवाला रोज पहाटे पाचला येतो. उद्या त्याला वैराग्य आलं, तर तो सगळ्यांत थोरला का?”

“त्यानं मिशा काढल्या तर बघू,” ॲग्नेस म्हणाल्या.

फादर तावारिसांना खोकला आला. मदर हसल्या नाहीत.

“प्रश्न बरोबर आहे,” त्या म्हणाल्या. “दार कोणत्या कारणासाठी वाजवलं ते पाहिलंच पाहिजे. दूधवाला दूध देऊन परत जातो. सगुणा परत गेल्या नाहीत. पण तेवढं पुरेसं नाही. त्यांना नंतर वाटलं असेल की राहावं. तसं असेल तर एक पंधरा हीच वेळ खरी, मी मारलेली रेघ चुकीची, आणि मी ती सगळ्यांसमोर दुरुस्त करीन.” त्या माझ्याकडे वळल्या. “सगुणा, त्या सकाळी तुम्ही कशासाठी आलात?”

सगळे माझ्याकडे पाहू लागले. मला एवढंच म्हणायचं होतं: दोर द्यायला. पाच दिवस मी ते तोंडात घोळवलं होतं. ते म्हटलं असतं तर तुळया आल्या असत्या, बाबांची घायपात राहिली असती, रेजिना हसली असती, फादरना जेवायच्या वेळेला परत पोचता आलं असतं. सगळ्यांना सोयीचं, आणि निम्मं खरं.

मी मदरकडे पाहिलं. तिथे मला काही मिळालं नाही. धीर नाही, आग्रह नाही. त्या टाक हातात धरून बसल्या होत्या. मी जे म्हणेन ते त्या लिहिणार होत्या.

“दोर बाबा आणणार होते,” मी म्हणाले.

“मोठ्यानं.”

“दोर बाबा आणणार होते. मी म्हणाले, मी नेते. कारण मला यायचं होतं. दोराच्या वेटोळ्यात माझं गाठोडं होतं. त्यात दुसरं लुगडं आणि बाप्तिस्म्याचा कागद.”

“मग दोर देतानाच का सांगितलं नाही?” मिनेझिसांनी विचारलं. आवाज अजून गोडच होता.

“सांगणार होते. पण सिस्टरनी दोर घेतला आणि दार लावलं.”

“पुन्हा वाजवायचं होतं.”

“साहेब, दार एकदा वाजवायलाच मला पहाटेपासून बळ जमवावं लागलं होतं. दुसऱ्यांदा वाजवायला माझ्याकडे काही उरलं नव्हतं. पण उठून गेले नाही. तुमची मोटार वर चढताना ऐकली. बारा वाजता घंटा झाली, आमच्या दोराची. तेव्हा मला वाटलं, दोर आत गेला तर मी पण जाईन. सिस्टरनी पुन्हा दार उघडेपर्यंत बसून राहिले.” मग मला काय झालं कोण जाणे, मी उभी राहिले. “मी रेजिनाबाईंच्या आधी आले. नंतर आले असं मी म्हणणार नाही. घायपात कापून घ्या तुमची.”

शेवटचं वाक्य कुणाला समजलं, कुणाला नाही. मदरना समजलं असावं, कारण त्यांनी मिनेझिसांकडे पाहिलं आणि ते वाक्यही लिहून घेतलं.

“गाठोडं व्हतं,” ॲग्नेस म्हणाल्या. “म्या बघितलं. इचारलं न्हाई, ही माजी चूक. मागच्या दारानं आलं का सामानच आलं, आसं डोक्यात बसलेलं. आन् ते कुनाच्या डोक्यात बसावं? माज्या!”

मिनेझिस आता जाळीला हात टेकून बोलले. “मदर, तुम्ही अर्लची मुलगी. घराणं म्हणजे काय ते या फादरना कळणार नाही, या मुलीला कळणार नाही, तुम्हाला कळेल. माझी मुलगी हिच्यापुढे मान झुकवून रोज आशीर्वाद मागणार? तुमच्या घरी तुमच्या मोलकरणीपुढे तुम्ही झुकला असता?”

ॲग्नेसनी घसा साफ केला. “सांगू का, मदर?”

“सांगा. काही वगळू नका.”

“येकोनीसशे तेरा साल,” ॲग्नेस म्हणाल्या. “बेल्जममदी मठाच्या दारात बग्गी हुबी ऱ्हायली. पाऊस म्हन्तो मी. पयली कोन उतरली? म्या. पेटी घिऊन. ह्या बाईसायबांची दासी व्हते मी, केस इंचरायला, बुटाची बटनं लावायला. पेटी आत ठिवली आन् दारावरच्या सिस्टरला म्हनलं, मला बी हितंच ऱ्हायचंय. लंडनापासनं ठरवून आलते, बाईसायबांना सांगितलं नव्हतं. मग ह्या आल्या, हातमोजे काढत. तिनं वही उघडली. इचारलं, आदी कोन आलं? म्या म्हनलं, बाईसायेब. म्या एकोनीस वर्सांची. दुसरं काय सुचंल?”

“आणि मदर काय म्हणाल्या?” हे रेजिनानं विचारलं. ती त्या दिवशी पहिल्यांदाच बोलली.

“काहीच नाही,” मदर म्हणाल्या. “मला ठाऊक होतं. दार उघडं होतं, मी बग्गीतून सगळं पाहिलं होतं. मी गप्प बसले. मला ते योग्यच वाटलं.”

“आकरा वर्सं,” ॲग्नेस म्हणाल्या.

“अकरा वर्षं आणि चार महिने.” मदरचा आवाज वाचून दाखवल्यासारखा होता. “दिवसातून सात वेळा मी ॲग्नेसच्या जागेवर बसत होते, आणि ॲग्नेस माझ्यापुढे झुकून आशीर्वाद मागत होत्या. मला प्रार्थना जमत नव्हती. मी पुस्तकं बदलली, गुरू बदलले, उपास केले. जागा बदलली नाही. मग एका शुक्रवारी सगळ्यांसमोर उभी राहून सांगितलं. मिनेझिससाहेब, घराणं म्हणजे काय ते मला कळतं. तुमच्यापेक्षा जास्त कळतं. म्हणूनच नाही म्हणते.”

“आन् शिक्षा कुनाला?” ॲग्नेस म्हणाल्या. “मला! खोटं बोलले म्हनून. पंधरा दिस भुईवर बसून जेवले. ह्यांना काय, नुसतं खाली सरकवलं.”

पहाटेच्या त्या वाकण्याचा अर्थ मला त्या क्षणी कळला. मदर मठाधिपती होत्या, त्यांना कुणापुढे झुकायची गरज नव्हती. तरी रोज, दुधाची चौकशी करावी तसं, त्या आपल्या थोरलीकडे आशीर्वाद मागत होत्या.

मिनेझिस उठले. “लाकडाचं काय मग?”

“लाकूड तुमचं आहे. ठेवा.”

“पावसाळ्यात काय कराल?”

“भिजू,” मदर म्हणाल्या.

मिनेझिसांना बहुधा याहून मोठं उत्तर अपेक्षित होतं. ते म्हणाले, “रेजिना, पेटी भर.”

तिला अजून वस्त्रं मिळाली नव्हती. वडील नेऊ शकत होते. तिनं मदरकडे पाहिलं. मदर म्हणाल्या, “दार दोन्हीकडे उघडतं. तुम्ही ठरवा.” रेजिनानं डोक्यावरचं फडकं काढलं, चार घड्या घातल्या आणि माझ्या शेजारच्या बाकावर ठेवलं. माझ्याकडे तिनं पाहिलं, पण त्या पाहण्यात राग होता की दुसरं काही, हे मी आजही सांगू शकत नाही. अकरा पन्नासला मोटार उताराला लागली. ॲग्नेसनी वहीत लिहिलं.

सगळे गेल्यावर मी मदरसमोर उभी राहिले. त्या काहीतरी चांगलं बोलतील असं मला वाटत होतं.

“सगुणा, तुमचा आवाज फार लहान आहे,” त्या म्हणाल्या. “पहिलं वाक्य फादरपर्यंत पोचलं नाही. उद्यापासून जेवणाच्या वेळी वाचन तुम्ही करायचं.”

“मला नीट वाचता येत नाही, मदर.”

“म्हणूनच.”

छप्पर झालं नाही. पावसाळा आला तेव्हा आम्ही प्रार्थना गोठ्यात हलवली. गाई एका बाजूला, आम्ही दुसऱ्या बाजूला, आलेल्या क्रमानं. “गायांना इचारलं का?” ॲग्नेस म्हणाल्या. “त्या आपल्या आदी आल्यात.” बिशपांची लेखी आज्ञा एकदा आली. मदरनी लेखी नकार दिला. नंतर पत्र आलं नाही. बाबांची घायपात त्याच आठवड्यात बंद झाली. पुढची दोन वर्षं ते नदीपलीकडून दोरासाठी अंबाडी डोक्यावरून आणत. त्यांनी मला एकदाही बोलून दाखवलं नाही. आई दर भेटीत बोलून दाखवायची. घंटेचा दोर मात्र आमच्याच घरून येत राहिला, आणि बाबा तो आता मोठ्या दारानं आणत.

मला वस्त्रं मिळाली, तेक्ला हे नाव मिळालं. माझ्याखालची जागा रिकामी होती. पुढे तिथे संगमनेरच्या दोघी बहिणी आल्या, मग एक परिचारिका. ॲग्नेसना दिसेनासं झालं तेव्हा मदरनी दाराची वही माझ्या हातात दिली. देताना एकच सांगितलं: “आधी नाव.”

वही घेऊन मला नऊ दिवस झाले होते. जून महिना होता, १९५८. दुपारी मागच्या दाराची कडी वाजली. मागच्या दाराला त्या वेळी कुणी येत नसे. मी दार उघडलं. रेजिना उभी होती. पायात साध्या चपला, अंगावर एसटीची धूळ, हातात काही नाही.

“मोटार?” मी विचारलं.

“बसनं आले. खिंडीपासून चालत.” ती दम घेत होती. “बाबांना ठाऊक नाही. म्हणजे, आता कळलं असेल.”

“मोठं दार तिकडे आहे.”

“माहीत आहे मला.” तिनं पायरीकडे पाहिलं. “तू इथेच बसली होतीस?”

“हो.”

“चार तास?”

“जवळजवळ.”

ती त्या पायरीवर बसली. आमच्या पंथात येणारीला लगेच आत घेऊ नये, बाहेर थांबवावं, टिकते का ते पाहावं, असा नियमच आहे. मी दार लावून घेतलं. आत जाऊन भिंतीवरचं घड्याळ पाहिलं, वही उघडली आणि लिहिलं: रेजिना मिनेझिस. दोन दहा. मागचं दार. सोबत काही नाही.

मग मदरना सांगायला गेले. त्या पत्र लिहीत होत्या, मान वर न करता विचारलं, “तुमच्यानंतर किती जणी आल्या?”

“तिघी.”

“म्हणजे त्या चौथ्या. त्यांना चालेल का, विचारलंत?”

“नाही, मदर. बाहेर बसल्यात.”

“बसू द्या,” मदर म्हणाल्या.

सहा वाजता घंटा झाली. मी जाऊन दार उघडलं. रेजिना पायरीवरच होती. तिचा चेहरा उन्हानं भाजला होता आणि ओठ सुकले होते. ती उठली. तिच्या घराण्यात चारशे वर्षांत कुणी केलं नसेल असं तिला करायचं होतं, आणि ती ते घाईनं उरकणार नव्हती. आधी पदर नीट केला. मग मान झुकवली, आमच्या नियमात लिहिली आहे तेवढीच, त्याहून अंगुळभरही जास्त नाही.

“आशीर्वाद द्या, ताई.”

माझ्या हातात पाण्याचा तांब्या होता. या खेपेला तो खाली ठेवायचा की नाही, असा प्रश्न मला पडला नाही. मी आशीर्वाद दिला आणि तांब्या तिच्या हातात दिला.